स्वस्त मोटारीतील उधारी

उधारीवर माल देण्यापूर्वी व्यापारी समोरच्याची पत पाहतो. मोटार घेताना आपणही उधारी देत आहोत, हे मात्र त्याच्या ध्यानी येत नाही. किंमत आज चुकती होते. हमीची सेवा व सुटे भाग कंपनीने पुढे वर्षानुवर्षे द्यावयाचे असतात. ते तिच्यावरील देणेच होय.

२००९ साली अमेरिकेत जनरल मोटर्स व क्रायस्लर डबघाईस आल्या, तेव्हा गिऱ्हाईक याच शंकेने थबकले. ३० मार्च रोजी सरकारने त्यांच्या हमीस पाठबळ जाहीर केले. पुढे दोन्ही कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी हमी टिकली. २०११ च्या डिसेंबरात दिवाळे निघालेल्या स्वीडनच्या साबला असा त्राता लाभला नाही. तिच्या अमेरिकी शाखेने नव्या मोटारींची हमी स्थगित केली. सुट्या भागांचा स्वतंत्र व्यवसाय तेवढा चालू राहिला.

अडचणीतील कंपनीची घसघशीत सूट म्हणजे याच जोखमीचे मोल. हमी कोण पाळील, भाग कोठून मिळतील, पुढे विकताना काय हाती येईल, याची उत्तरे मिळाल्यावाचून विसार देऊ नये.