कळंबोली सर्कल : वाहनं मोजली, चालणाऱ्या माणसाचं काय?

कळंबोली : पुण्याकडून येणारी एसटी किंवा खासगी गाडी द्रुतगती मार्ग संपवून कळंबोलीत थांबते. उतरणारे असतात सातारा-सांगलीकडून आलेले माथाडी कामगार, खालापूर-कर्जतहून कामोठ्याच्या रुग्णालयात निघालेले नातेवाईक, तळोजा एमआयडीसीत पाळीवर चाललेली पोरं. पिशव्या सावरत, लोखंडाच्या कॉईल लादलेले ट्रेलर चुकवत ही मंडळी रस्ता ओलांडतात. रायगड जिल्ह्यातल्या कित्येक गावांसाठी मुंबईची खरी वेस हीच.

याच सर्कलच्या सुधारणेसाठी केंद्र सरकारने सुमारे ७७० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये या कामासाठी द्रुतगती मार्गावरून पनवेलकडे उतरणारा रस्ता सहा महिन्यांसाठी बंद करण्याचा आदेश निघाला आणि वाहतूक पळस्प्याकडे वळवण्यात आली. पूल हवेत, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो पूल कुठे, किती आणि कोणासाठी हे ठरतं कसं, याचा. असे निर्णय हल्ली नुसत्या अंदाजाने होत नाहीत. त्यामागे गणिती पद्धती असतात. त्या समजून घेतल्या तर स्थानिकांनी नेमकं काय विचारायचं, हेही कळतं.

एका चौकावर इतका भार का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीत सुरू होतो. २००२ साली तो पूर्ण खुला झाला. सायन-पनवेल महामार्ग इथून जातो. शीळफाटा-मुंब्र्याकडून तळोजामार्गे येणारा रस्ता इथेच मिळतो आणि उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनरही इथूनच वळतात. हे बंदर १९८९ पासून सुरू आहे. शिवाय सिडकोने मुंबईतला लोखंड-पोलादाचा व्यापार हलवण्यासाठी वसवलेला स्टील मार्केट कळंबोलीतच आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला, ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. बंदर, बाजार, कारखाने आणि विमानतळ या सगळ्यांची गर्दी एका गोल चौकावर येऊन पडते.

पहिली पायरी : गाड्यांची मोजणी

चौकाचा निर्णय सुरू होतो वाहनगणनेपासून. सगळ्या गाड्या सारखी जागा घेत नाहीत, म्हणून प्रत्येकीचं रूपांतर कारच्या एककात करतात. याला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या महामार्गांसाठीच्या तक्त्यात कार म्हणजे १, दुचाकी अर्धा, ट्रक किंवा बस ३ आणि ट्रेलर साडेचार. सगळ्या बाजूंची मिळून वाहतूक ताशी १०,००० पीसीयूंच्या वर गेली, तर सिग्नलवर भागत नाही, पुलांचा इंटरचेंज विचारात घ्यावा, असा याच संस्थेचा जुना निकष आहे.

हिशेब सरळ आहे. ट्रेलरला साडेचार एकक मिळत असल्याने स्टील मार्केट आणि बंदराची वाहतूक आकडा झपाट्याने वर नेते. पूल मंजूर व्हायला अशाच आकड्यांचा आधार लागतो.

आता दुसरी बाजू. पंचेचाळीस प्रवासी घेऊन आलेली एसटी म्हणजे ३ एकक. एकेक माणूस बसलेल्या तीन कारही ३ एककच. कागदावर दोन्ही सारख्या. आणि एसटीतून उतरून पायी निघालेला माणूस? त्याला या तक्त्यात रकानाच नाही. पीसीयूचा तक्ता रस्त्यावरची जागा मोजण्यासाठी बनला आहे, माणसं मोजण्यासाठी नाही. त्यामुळे चूक तक्त्याची म्हणता येणार नाही. तेवढ्या एका तक्त्यावर सगळा निर्णय उभा केला, तर मात्र ती चूक ठरते.

भीतीमुळे घटणारा आकडा

पादचाऱ्यांसाठी वेगळं सूत्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत ते असं होतं : गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणाऱ्यांच्या संख्येला वाहनसंख्येच्या वर्गाने गुणायचं. दुभाजक असलेल्या रस्त्यावर उत्तर २० कोटींच्या वर गेलं, तर तिथे संरक्षित क्रॉसिंगची गरज मानायची. म्हणजे तासाला २,००० वाहनं जात असतील, तर ५० माणसं पुरतात. वाहनं १,००० असतील, तर २०० माणसं लागतात.

सूत्र चांगलं आहे, वाढत्या वाहतुकीचा धोका ते पकडतं. पण त्यात एक खाच आहे. जागा जितकी धोक्याची, तितकी तिथे ओलांडणारी माणसं कमी. म्हातारी माणसं रिक्षा करून लांबून वळसा घेतात, बाया-पोरं त्या बाजूला फिरकत नाहीत. मोजणारा उभा राहतो तेव्हा आकडा कमी भरतो आणि निष्कर्ष निघतो की इथे गरज नाही. नदीवर पूल नसेल तर नदी पोहून जाणारे किती, हे मोजून पुलाची गरज ठरवण्यासारखंच हे झालं. म्हणून बसमधून उतरणाऱ्यांना कुठे जायचं असतं, हे थांब्यावर उभं राहून विचारणं वाहनगणनेइतकंच गरजेचं आहे.

हल्ली मोजणी यंत्राकडे जाते आहे. द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून कॅमेऱ्यांची वाहतूक नियंत्रण यंत्रणा सुरू झाली. वेग, लेन, सीटबेल्ट असं सगळं ती टिपते. अशा यंत्रणांमुळे वाहनांची माहिती भरपूर आणि स्वस्त होते. पायी चालणाऱ्यांची माहिती मात्र जुन्याच पद्धतीने, माणूस उभा करून गोळा करावी लागते. त्यामुळे निर्णयाचा तराजू नकळत एका बाजूला झुकतो.

दुसरी पायरी : पर्यायांना गुण

मोजणी झाली की दोन-तीन पर्याय काढतात आणि त्यांना निकषांवर गुण देतात. प्रत्येक निकषाला वजन असतं. अमेरिकेतले गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात अशी वजनं जोडी-जोडीने तुलना करून ठरवण्याची पद्धत मांडली. ती आज कारखान्याच्या जागेपासून धरणापर्यंत सगळीकडे वापरतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पर्याय ‘अ’ म्हणजे फक्त उड्डाणपूल. पर्याय ‘ब’ म्हणजे उड्डाणपूल, त्यासोबत बसथांब्याला जोडलेला पादचारी मार्ग. निकष तीन : वाहनांचा वाचणारा वेळ, खर्च आणि पादचारी सुरक्षा. दहापैकी गुण ‘अ’ला ९, ८ आणि २, तर ‘ब’ला ७, ६ आणि ९.

वजनं ५०, ३० आणि २० टक्के धरली, तर ‘अ’ला ७.३ आणि ‘ब’ला ७.१ मिळतात. ‘अ’ जिंकला. आता वेळेकडचे फक्त १० टक्के काढून सुरक्षेला द्या. वजनं झाली ४०, ३० आणि ३०. ‘अ’ ६.६ वर आला, ‘ब’ ७.३ वर गेला. गुण तेच, गणित तेच, पण निकाल फिरला.

म्हणजे खरा निर्णय संगणकात होत नाही. वजनं कोण ठरवतं, त्या खोलीत तो झालेला असतो. तिथे बंदराचा, महामार्गाचा, व्यापाऱ्यांचा आवाज पोचतो. रोडपाली, खिडुकपाडा, आसूडगाव आणि एसटीने येणारं खालापूर तिथे असतं का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरी पायरी : फायदा कधीचा, त्रास कधीचा

शेवटी पैशाचा हिशेब. रस्त्यासाठी येणारा खर्च एका बाजूला, वाचलेलं इंधन, वेळ आणि टळलेले अपघात दुसऱ्या बाजूला. महामार्गांच्या आर्थिक मूल्यमापनात साधारण १२ टक्के परतावा ही उंबरठ्याची रेषा मानली जाते. हा फायदा पुढच्या वीस-तीस वर्षांत पसरलेला असतो आणि तो मिळणाऱ्यांत पुण्याचा कारवाला, बंदराचा निर्यातदार असे लांबचे लोक बरेच असतात.

बांधकामाचा त्रास मात्र आजचा आणि इथलाच. वळवलेल्या रस्त्याने वाढलेलं रिक्षाभाडं, हुकलेली पाळी, दवाखान्यात पोचायला झालेला उशीर. या गोष्टी हिशेबात धरल्या, तर कंत्राटदाराने आधी सेवा रस्ता आणि तात्पुरता पादचारी मार्ग करावा, मगच मुख्य रस्ता अडवावा, हे गणितानेच सिद्ध होतं. त्यासाठी वेगळी दया-माया लागत नाही.

त्यातच कळंबोली ही खाडीलगतची सखल वसाहत. पाण्याचा निचरा धारण तलाव आणि भरतीच्या वेळी मिटणाऱ्या झडपांवर अवलंबून आहे. २६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही. इथे भुयारी मार्ग करायचा तर कोरड्या दिवसाचा हिशेब चालणार नाही. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी धरून तपासणी हवी.

विचारायचं काय?

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ फारसं कोणी वापरत नाही. लोकांवर परिणाम करणारा महत्त्वाचा निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी तथ्यं प्रसिद्ध करणं आणि बाधितांना प्रशासकीय निर्णयाची कारणं सांगणं, हे त्यात कार्यालयांचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. त्याच्या आधारे पनवेल महापालिकेचे नगरसेवक, आसपासच्या ग्रामपंचायती किंवा साधा प्रवासीसुद्धा चार गोष्टी मागू शकतो : वाहनगणना कोणत्या तारखांना झाली, पादचारी आणि बसप्रवासी मोजले का, पर्यायांना कोणत्या निकषांवर किती वजन दिलं आणि बांधकामाच्या काळातला स्थानिकांचा खर्च धरला का.

यात तज्ज्ञांवर अविश्वास नाही. उलट अभियंत्यांची पद्धत चांगली आहे म्हणूनच तिच्यात योग्य आकडे भरले गेले पाहिजेत. कॉलम उभे राहिल्यावर मोर्चा काढून जिना मागण्यापेक्षा, आराखड्याच्या वेळी एक रकाना वाढवून घेणं स्वस्त पडतं. विमानतळाभोवती, बंदराभोवती, नैनाच्या गावांत असे अजून कितीतरी चौक, पूल आणि रस्ते व्हायचे आहेत. तिथली वजनं ठरायची आहेत, तोवर विचारलेलं बरं.