जुन्या विमानांचा अलिखित हिशेब

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानास समारंभपूर्वक निरोप दिला. ज्या चंदीगडला १९६३ साली हे आपले पहिले स्वनातीत विमान दाखल झाले होते, तेथेच बासष्ट वर्षांनी त्याची सेवा संपली. निरोपाच्या भाषणांत गौरव होता आणि तो अनाठायी नव्हता. १९७१ च्या युद्धातील त्याची कामगिरी कोणी नाकारणार नाही. अर्थात १९६३ मधील विमाने २०२५ पर्यंत उडत नव्हती. एकाच जातीच्या सुधारित आवृत्त्या एकामागून एक येत गेल्या. तथापि एका जातीच्या विमानास इतका काळ राबवावे लागणे हा केवळ त्या विमानाचा गुण नव्हे. आपल्या निर्णयशक्तीचीही ती एक खूण आहे.

आदल्याच दिवशी संरक्षण मंत्रालयाने ९७ तेजस मार्क-१ए विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी करार केला. रक्कम ६२,३७० कोटी रुपयांहून अधिक, आणि तीही कर वगळून. भागाकार केला की एका विमानामागे सुमारे ६४३ कोटी येतात. असा भागाकार वर्तमानपत्रांना फार प्रिय असतो. वस्तुतः तो फसवा आहे, कारण त्या रकमेत विमानांबरोबरची सामग्रीही धरलेली आहे आणि पैसा अनेक वर्षांत विभागून द्यावयाचा आहे. तरीही आकडा डोळ्यांत भरतो. नॉर्मन ऑगस्टीन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९८० च्या दशकात अर्धवट विनोदाने असा हिशेब मांडला होता की, किमती याच गतीने वाढत राहिल्या तर २०५४ साली अमेरिकेच्या सबंध संरक्षण-अर्थसंकल्पात एकच विमान विकत घेता येईल. विनोदातील टोक सोडले, तर महागाईची दिशा त्याने बरोबर ओळखली होती.

नव्या विमानाची किंमत अशी एका ओळीत, एका करारात, सर्वांच्या दृष्टीस पडते. जुने विमान ठेवण्याची किंमत मात्र कोठेच एकत्र लिहिली जात नाही, आणि माझा आक्षेप नेमका येथे आहे. ती सुट्या भागांच्या खरेदीत थोडी, कारखान्यातील दुरुस्तीत थोडी, नूतनीकरणाच्या योजनेत थोडी अशी विखुरलेली असते. मूळ निर्माता उत्पादन थांबवितो, भाग मिळेनासे होतात, मग एका विमानाचे अवयव काढून दुसरे उभे करावे लागते. जग्वारच्या बाबतीत हेच झाले. फ्रान्सने २००५ साली व ब्रिटनने २००७ साली हे विमान निवृत्त केले. १९७९ पासून ते वापरणाऱ्या आपल्या हवाई दलावर, इतर देशांनी मोडीत काढलेली जग्वार सुट्या भागांसाठी मिळविण्याची वेळ आली. नव्वदीच्या दशकात सव्वाशे मिग-२१ विमानांचे ‘बायसन’ रूपात नूतनीकरण करण्याचे ठरले. हे काम नाशिकजवळच्या ओझरला झाले. तेथील कारखाना १९६४ मध्ये याच विमानाच्या निर्मितीसाठी उभा राहिला होता. बायसनला रडार नवे मिळाले, क्षेपणास्त्रे नवी मिळाली. सांगाडा आणि इंजिन जुन्या पिढीचेच राहिले.

विखुरलेल्या खर्चाचा एक भाग रुपयांत मोजताच येत नाही. १९८२ साली ला फाँतेन समितीने अपघातांचा अभ्यास करून प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची निकड दाखविली. मिग-२१ ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरते. मंद प्रशिक्षण विमानावरून उठून थेट त्यावर बसणाऱ्या नवशिक्या वैमानिकास मधली पायरीच नव्हती. ही पायरी पुरविणाऱ्या ६६ हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. बावीस वर्षे! या काळात किती कोटी वाचले हे कदाचित कोणी सांगू शकेल. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी मे २०१२ मध्ये राज्यसभेत सांगितले ते मात्र नोंदलेले आहे : ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली आणि १७१ वैमानिक व ३९ नागरिक प्राणास मुकले. हे सारे अपघात विलंबाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांतील एकही विलंबाच्या खाती पडत नाही, असे मानणे अधिक अन्यायाचे होईल. २००१ साली राजस्थानात मिग-२१ कोसळून मुंबईचा एक तरुण वैमानिक मृत्यू पावला. त्याच्या आईने पुढे कित्येक वर्षे हा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. हिशेब मागण्याचे काम शेवटी घरच्या माणसांवर येऊन पडले.

गरीब देशाने विमानांवर इतका पैसा ओतावा काय, शाळा-दवाखान्यांचे काय, हा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. हवाई दल लहान ठेवावयाचे असे राष्ट्राने उघडपणे ठरविले, तर ते समजण्यासारखे आहे. पण आपण तसे ठरविलेले नाही. मंजूर स्क्वाड्रन ४२ आहेत, आणि मिग-२१ गेल्यावर त्या २९ उरल्या. संख्या निर्णयाने घटली नाही, चालढकलीने घटली. २००७ मध्ये १२६ विमानांसाठी प्रस्ताव मागविले. २०१२ मध्ये राफेलची निवड झाली. २०१५ मध्ये तो व्यवहार सोडून दिला. २०१६ मध्ये ३६ घेतली. मिग-२१ ची जागा घ्यावयाच्या तेजसचा प्रकल्प १९८३ साली मंजूर झाला होता. २०२१ च्या कराराप्रमाणे त्याचे पहिले मार्क-१ए विमान मार्च २०२४ पर्यंत मिळावयाचे होते. अमेरिकन इंजिनांना उशीर झाला हे त्याचे एक कारण, आणि चंदीगडच्या निरोपाच्या दिवसापर्यंत हवाई दलाच्या हाती त्यांतील एकही विमान आले नव्हते.

म्हणून मागणी साधी आहे. खरेदी पुढे ढकलण्याचा निर्णय हाही खर्चाचाच निर्णय समजावा. त्या मुदतीत जुना ताफा राखण्यास किती पैसा लागेल, किती विमाने उड्डाणयोग्य राहतील, आणि वैमानिकांवर कोणता धोका येईल, याचे टिपण संसदीय समितीपुढे ठेवावे. गोपनीयतेची सबब येथे फारशी टिकत नाही, कारण आपली विमाने किती जुनी आहेत हे शत्रूस आपल्याइतकेच ठाऊक असते.

जग्वारला नवे इंजिन बसविण्याचा विचार अनेक वर्षे चालला आणि २०१९ मध्ये खर्चामुळे सोडून देण्यात आला. २०२५ या एकाच वर्षी तीन जग्वार कोसळली. ९ जुलै रोजी राजस्थानातील चुरू जिल्ह्यात पडलेल्या तिसऱ्या विमानातील दोन्ही वैमानिक गेले. २०१९ चा निर्णय आणि हे अपघात यांची सांगड घालण्याचा अधिकार चौकशी अहवालावाचून कोणालाही नाही, मलाही नाही. पण इंजिन न बदलून वाचलेल्या रकमेपुढे कोणता आकडा लिहिला होता, एवढे विचारण्याचा अधिकार आहे.