कागदावरचे अभय

अमेरिकेच्या सरकारने नोव्हेंबर 2019मध्ये दोन कागद काढले. पॅरिस हवामान करारातून आपण बाहेर पडत आहोत, असे 4 तारखेच्या कागदाने संयुक्त राष्ट्रांना रीतसर कळवले. 21 तारखेच्या कागदाने मोंटाना राज्यातल्या डोंगरओढ्यांत राहणाऱ्या दोन कीटकांना धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण दिले. धोक्याचे कारणही त्यात स्पष्ट लिहिले: हवामान बदलत आहे, त्यामुळे हिमनद्या आणि बारमाही बर्फाचे थर आटत आहेत. सतरा दिवसांच्या अंतराने निघालेल्या या दोन्ही कागदांवर मोहोर एकाच सरकारची आहे.

लेडनिया टुमाना आणि झापाडा ग्लेशियर ही या कीटकांची शास्त्रीय नावे. स्टोनफ्लाय गटातले हे कीटक जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे. त्यांचे बहुतेक आयुष्य पिल्लू अवस्थेत ओढ्याच्या तळाशी, दगडांखाली जाते. पंख फुटल्यावर उरतात ते थोडे दिवस, आणि उडण्यातही यांना फारशी गती नाही. या गटातल्या अनेक पिल्लांचे कल्ले नावापुरते असतात, काहींना तर नसतातच. श्वास चालतो तो मुख्यतः त्वचेतून, म्हणून पाणी गार आणि खळाळते लागते. शून्य अंशाच्या आसपास लिटरभर पाण्यात सुमारे 14 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना त्याच्या निम्माच उरतो. प्राणवायू कमी पडला की स्टोनफ्लायची पिल्ले तालमीत जोर मारावेत तशी पायांवर अंग खालीवर करू लागतात. अंगाजवळचे पाणी हलते ठेवण्याची ही धडपड असते.

हे दोन कीटक हिमनद्या, बर्फाचे थर आणि गार झरे यांच्या लगतच्या खालच्या टप्प्यात आढळतात. पाणी तापू लागले की वर सरकायचे, एवढीच वाट त्यांना मोकळी असते. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात झापाडाची पूर्वी नोंद झालेले सहा ओढे संशोधकांनी पुन्हा तपासले, तेव्हा तो त्यांतल्या एकाच ओढ्यात मिळाला. दोन नवी ठिकाणे सापडली, तीही जास्त उंचीवर. माथा आला की ही वाट संपते, आणि शेजारचा डोंगर ओलांडण्याइतके बळ त्या पंखांत नसते.

हे सारे घडते आहे ते 1910पासून राखलेल्या उद्यानात. तिथे कारखान्याचे सांडपाणी नाही, शेतातली खते नाहीत, या कीटकांच्या ओढ्यांवर धरणे नाहीत. प्रयोगशाळेत बाटलीभर पाणी पाठवले तर निर्मळ असाच अहवाल येईल. पण 1850च्या सुमारास या परिसरात सुमारे दीडशे हिमनद्या होत्या, 2015मध्ये हिमनदी म्हणण्याच्या निकषात बसतील अशा 26 उरल्या. शिकार बंद करता येते, झाडतोड थांबवता येते, धरण अडवता येते. या कीटकांची शिकार कोणी करत नाही आणि त्यांचे ओढे कोणी बुजवलेले नाहीत. कायद्याच्या हाती जी नेहमीची हत्यारे आहेत, त्यांतले एकही इथे लागू पडत नाही. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार?

लेडनियाला संरक्षण द्या, ही मागणी 2007 साली झाली. मागणी रास्त आहे, पण आधी इतर कामे उरकायची आहेत, असे उत्तर 2011मध्ये मिळाले. प्रस्ताव यायला 2016 उजाडले आणि निर्णय व्हायला 2019. बारा वर्षे कागद हलला, तेवढ्या काळात बर्फही वितळत राहिला.

लेडनिया वाटते तितकी नाजूक नाही, ती बऱ्यापैकी उष्णता सोसते, असे प्रयोगांत दिसले आहे. दगडांखाली दडलेला बर्फ आणि थंड झरे काही ठिकाणी तिला आसराही देतील. ही आशा खरी आहे. मात्र चाचणीपुरती उष्णता सोसणे निराळे आणि वर्षानुवर्षे पिढ्या वाढवणे निराळे. शिवाय निसर्गाने थोडी सवड दिली, म्हणून सरकारला सूट मिळते असे नव्हे.

खरी खोट कायदा राबवण्याच्या रीतीत आहे. 2008मध्ये ध्रुवीय अस्वलाला याच कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हाच सरकारने बजावले की या नोंदीच्या आधारे हरितगृह वायूंवर बंधने आणता येणार नाहीत. 2009मध्ये आलेल्या दुसऱ्या पक्षाच्या सरकारनेही ती भूमिका कायम ठेवली. कारण मान्य करायचे, पण कारणाला हात लावायचा नाही, यावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले. पॅरिस कराराचे तर येणे-जाणेच चालू आहे: 2021मध्ये अमेरिका परतली, जानेवारी 2025मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला.

यादीत नाव घालणे निरुपयोगी नाही. त्यामुळे निदान सरकारच्या स्वतःच्या दप्तरात खरे कारण लिहिले जाते. आता पुढचे पाऊल टाकायला हवे. कोळशाच्या खाणीला किंवा तेलविहिरीला परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने ही नोंद वाचली पाहिजे, आणि ती वाचूनही परवाना का दिला, हे त्याने फायलीवर लिहून सही केली पाहिजे.