घरात कचेरी आली, ओसरी कुठे आहे?

जुन्या वाड्यात कामकाजाची बैठक ओसरीवर असे. माजघर तिच्या पलीकडे. गावचा कुलकर्णी दप्तर घरीच ठेवी, पण काम आटोपले की ते रुमालात बांधले जाई. तेव्हा घरी बसून काम करणे आपल्या समाजाला नवे नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीने कचेरी पुन्हा घरात आणली, तेव्हा सदनिकांच्या नकाशातून ओसरी मात्र केव्हाच पुसली गेली होती.

दोन खोल्यांतही सोय होते. टेबल खिडकीशी काटकोनात ठेवावे, म्हणजे पडद्यावर चकाकी येत नाही. टेबलाची उंची साधारण २८ ते २९ इंच असावी. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट घ्यावा. तो बहुतेक घरांत धूळ खात असतोच! लॅपटॉप जाड ग्रंथांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि कळफलक वेगळा घ्यावा. पाहुण्यांसाठीच्या सोफ्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

खरा प्रश्न लाकूडकामाचा नाहीच. दोघेही घरून नोकरी करीत असतील, तर दाराची खोली मुलाला मिळते आणि सुनेचा लॅपटॉप ओट्याशेजारी येतो. तिच्या बैठकीत कुकरची शिट्टी वाजते; ‘घरीच तर आहे’ म्हणून कुरिअरवाल्याला दारही तीच उघडते. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान मिरविणाऱ्या घरांना हे खटकू नये, याचे आश्चर्य वाटते. ज्याची बैठक महत्त्वाची, त्या दिवशी खोली त्याची, एवढे सकाळच्या चहालाच ठरविता येते. कुकर कोणी लावायचा, तेही त्याच वेळी.