झाडपाला, नॅनो आणि मूत्रपिंड

कुर्डुवाडीत कुणाच्या मूत्रपिंडाचा विषय निघाला की पुनर्नवा, गोखरू किंवा हळदीचा काढा सुचवणारा भेटतोच. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय तरी होणार नाही,’ असा त्याचा विश्वास असतो. पण ब्रसेल्समध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडं दुखावली आणि अनेकींवर डायलिसिसची पाळी आली. त्या औषधातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल आपल्याकडच्या सापसंदीच्या कुळात असतं. उन्हात राबून, पाणी कमी पिऊन, वर वेदनाशामक गोळ्या खाऊन ज्याचं क्रिएटिनिन चढलंय, त्याला बिनतपासणीचा काढा देणं धोक्याचं आहे.

दुसरा पक्ष सुशिक्षितांचा. हळदीतलं कर्क्युमिन दाह शमवतं, पण पाण्यात विरघळत नाही आणि यकृतात लगेच मोडतं. मग त्याचे अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो कण करा, की काम झालं! प्रयोगशाळेत हे खरं वाटतं. माणसांवर मात्र चित्र वेगळं दिसलं. कॅनडात १० रुग्णालयांतल्या ६०६ रुग्णांना महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कर्क्युमिन किंवा खोटी गोळी दिली गेली. दाह कमी झाला नाही. उलट मूत्रपिंडाची तीव्र इजा कर्क्युमिन घेणाऱ्यांत १७ टक्के, न घेणाऱ्यांत १० टक्के दिसली. पुढे जुनाट मूत्रपिंड विकारात सूक्ष्मकणी कर्क्युमिन सहा महिने देऊनही आजाराची चाल मंदावली नाही.

तरीही ‘मग सगळं थोतांडच’ हे म्हणणं मला मान्य नाही. परसातल्या सदाफुलीतून मिळालेलं विन्क्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगावर दशकानुदशकं वापरलं जातंय. य्यू वृक्षाच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधून दिलं जातं. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे वनस्पती आणि नॅनो यांची सांगड जमू शकते. मूत्रपिंडाची गोष्ट अधिक अवघड आहे, एवढंच. साडेपाच नॅनोमीटरहून बारीक कण लघवीतून निघून जातात, मोठे बहुतेक यकृत-प्लीहेत अडकतात. पण न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सुमारे ४०० नॅनोमीटरचे कण उंदरांच्या मूत्रनलिकांमध्ये नेमके साठवून दाखवले. दाह जिथे पेटतो, तिथेच औषध उतरवण्याची ही वाट आहे, आणि मला तिच्यात खरी आशा दिसते.

ती उंदरांपुरती राहू नये, म्हणून महाराष्ट्रातल्या संशोधन संस्थांनी वनस्पतीचा अर्क प्रमाणित करावा. कण रक्तात किती टिकतो, मूत्रपिंडात किती पोचतो आणि इजा करतो का, हे आधी मोजावं. मग खोट्या गोळीशी तुलना करत माणसांवर चाचणी घ्यावी आणि निकाल उलटा आला तरी छापावा. तोवर आपल्या गावातल्या रुग्णानं कुठलाही काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये, आणि डॉक्टरांनीही तो न हसता लिहून घ्यावा.