कामावरून विस्थापित झालेल्यांचे पुनर्वसन कोणी करायचे?

माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांतील गोष्ट आहे. महाराष्ट्राबाहेरच्या ज्या जिल्ह्यात माझी नेमणूक होती, तेथील एक जुनी कापडगिरणी बंद पडली. फाटकावर नोटीस लागली त्याच दिवशी संध्याकाळी बैठक बोलावण्यात आली. पोलीस अधीक्षक होते, तहसीलदार होते, कामगार खात्याचे अधिकारी होते, वीज मंडळाचे अभियंता होते आणि गिरणीला कर्ज देणाऱ्या बँकेचे व्यवस्थापकही होते. फाटकावर किती पोलीस ठेवायचे, आतला माल व यंत्रे बाहेर जाऊ नयेत म्हणून काय करायचे, थकलेल्या वीजबिलाचे काय, या सर्व मुद्द्यांवर दीड तास चर्चा झाली आणि इतिवृत्त तयार झाले. दुसऱ्या दिवशी कामगारांचे शिष्टमंडळ भेटून गेले. जाता जाता त्यांच्यातील एक वयस्क जॉबर माझ्याकडे वळून म्हणाला, "साहब, कल से हाज़िरी कहाँ देनी है?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे अनेक वर्षांनी माझ्या लक्षात आले की आदल्या दिवशीच्या बैठकीला सेवायोजन कार्यालयाचा अधिकारी नव्हता, आयटीआयचे प्राचार्यही नव्हते. त्यांना बोलवावे असे कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही. गिरणी बंद पडणे हा आमच्या लेखी कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न होता, वसुलीचा प्रश्न होता. तो काही हजार माणसांच्या उद्याचा प्रश्न आहे असे सांगणारी एकही फाईल कार्यालयात नव्हती.

आता याची तुलना दुसऱ्या एका विस्थापनाशी करून पाहू. धरणात गाव बुडते तेव्हा त्या गावाच्या पुनर्वसनासाठी अधिकारी नेमला जातो. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ सालीच केला होता. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार तर सक्तीचे विस्थापन होणार असेल तेथे उपजिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला पुनर्वसन प्रशासक नेमणे राज्य सरकारवर बंधनकारक आहे. या कायद्यांची अंमलबजावणी कशी होते हे आपण सर्व जाणतो. पण निदान दोष कोणाला द्यायचा हे तरी माहीत असते. ज्याची जमीन जाते त्याच्यासाठी एक खुर्ची आहे आणि त्या खुर्चीवर एक नाव आहे. ज्याचे काम जाते त्याच्यासाठी अशी खुर्ची देशातील कुठल्याही जिल्ह्यात नाही. कामगार आयुक्त भरपाईचा हिशोब बघतात, भविष्यनिर्वाह निधीचे कार्यालय निधी बघते, कौशल्य विकास विभाग तरुणांचे प्रवेश बघतो. कामावरून विस्थापित झालेला चाळिशीचा माणूस मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. प्रशासनात जे काम कोणाचेच नसते, ते होत नाही.

इंदूरची हुकुमचंद मिल हे याचे ठळक उदाहरण आहे. होळकरांच्या या नगरीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे, त्यामुळे ही हकीकत बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. १९९१-९२ च्या सुमारास ही गिरणी बंद पडली आणि पुढे अवसायनात गेली. कामगार आपल्या देण्यांसाठी न्यायालयात लढत राहिले. अखेर राज्य शासनाने गिरणीची जमीन ताब्यात घेऊन विकसित करायची व देणी आधी चुकती करायची अशी तडजोड झाली, आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आला. त्याचा लाभ सुमारे ४,८०० कामगारांना होणार असे सांगण्यात आले. सरासरी काढली तर दरडोई पावणेपाच लाखांच्या आत. गिरणी बंद पडली तेव्हा जो पस्तीस वर्षांचा होता, तो त्या दिवशी सदुसष्टीच्या घरात होता. पैसे मिळाले याचा आनंद आहेच. ज्यांनी तडजोड घडवून आणली त्यांचे कौतुकही केले पाहिजे. परंतु हा समारंभ कशाचा होता? माणसाचे कामाचे सारे वय निघून गेल्यावर त्याचाच पैसा त्याला परत मिळाला, याचा. मधल्या तीन दशकांत त्याने काय केले, काय खाल्ले, मुलांना कसे शिकवले, याचे उत्तर त्या धनादेशात नाही.

येथे काही वाचक म्हणतील, कारखाने बंद पडायचेच, शासन त्यांना कायमचे कसे जगवणार? मला हे मान्य आहे. बंद पडायला आलेला कारखाना परवानगी नाकारून चालू राहत नाही, हे आपण १९७६ पासून, म्हणजे मोठ्या आस्थापनांना कपात वा बंदीसाठी पूर्वपरवानगीची अट घातल्यापासून अनुभवत आलो आहोत. परवानगी नाकारली तरी वीज तोडली जाते, कच्चा माल येणे थांबते, पगार थकतो, आणि कागदोपत्री चालू असलेल्या कारखान्यात कामगार उपाशी राहतो. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. कायद्याने शासनाला बंदीची वार्ता आधी मिळते. पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनाने बंदीची सूचना साठ दिवस आधी द्यायची असते. परवानगीची अट ज्यांना लागू आहे त्यांनी नव्वद दिवस आधी अर्ज करायचा असतो. या साठ-नव्वद दिवसांत शासन काय करते? परवानगी द्यायची की नाही यावर टिपणी लिहिते, आणि बहुधा तेवढेच. पूर येणार हे नव्वद दिवस आधी कळले असते आणि जिल्हा प्रशासन पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला गेले असते, तर आपण त्याला काय म्हटले असते?

योजना झाल्याच नाहीत असे नाही. बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ साली केंद्राने पुनर्वसन निधी योजना आणली. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी २५ टक्के, अशी ती उतरती मदत होती. कल्पना चांगली होती. पण दुसऱ्या नोंदणीकृत कारखान्यात काम मिळताच मदत बंद. म्हणजे उघडपणे नवे काम धरणाऱ्याचे नुकसान आणि चोरून मजुरी करणाऱ्याचा फायदा. १९९१ च्या औद्योगिक धोरणात घोषित झालेला राष्ट्रीय नवीकरण निधी १९९२ साली स्थापन झाला. त्याचे उद्दिष्ट पुनर्प्रशिक्षण व नवा रोजगार हेही होते. प्रत्यक्षात त्यातील फार मोठा भाग सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. माणसाला घरी पाठवण्यासाठी पैसा होता, त्याला पुन्हा कामावर पोहोचवण्यासाठी यंत्रणा नव्हती. निधी गुंडाळल्यावर समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण व पुनर्नियोजन अशी योजना आली, पण ती केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांपुरती. खासगी कारखान्यातला कामगार तिच्याबाहेर.

त्यानंतर राज्य कामगार विमा योजनेतून २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. कारखाना बंद पडून वा कपातीत काम गेलेल्या विमाधारकाला काही काळ अर्धे वेतन आणि प्रशिक्षणाचा खर्च, अशी तिची रचना होती. २०१८ साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली, सुरुवातीला वेतनाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. तिचा अर्ज आधी मालकामार्फत यावा लागे! ज्याने कामावरून काढले, त्याच्याच दारात काढल्याचा दाखला मागायला जायचे. २०२० च्या महामारीत ही अट काढून अर्ज थेट विमा कार्यालयात घेण्याची सोय झाली, रक्कमही ५० टक्के झाली. म्हणजे सुधारणा अशक्य नव्हती, पण ती सुचायला देश ठप्प व्हावा लागला.

आता चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. तत्त्व म्हणून मी तिचे स्वागत करतो. पुनर्प्रशिक्षणाचा भार मालकावर काही अंशी तरी आहे, हे कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले. पण हिशोब तर करू. महिना १८,००० रुपये कमावणाऱ्याच्या खात्यात नऊ-दहा हजार रुपये येतील. तोवर दीड महिन्याचे घरभाडे थकलेले असेल, किराणा उधारीवर असेल. ते पैसे शिक्षणाला जातील अशी अपेक्षा ज्याने धरली, त्याने कधी घर चालवलेले नसावे. शिवाय हा निधी म्हणजे खात्यात टाकलेली रक्कम आहे. कोणते कौशल्य, कोठे, कोण शिकवणार, आणि शिकल्यावर काम कोण देणार, यावर तरतूद गप्प आहे.

बरे, हे तरी कोणाला मिळणार? मुदतीच्या करारावरील कामगाराची मुदत संपली तर ती कपातच समजली जात नाही. पर्यवेक्षकाचे काम करणारा, १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा कर्मचारी 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. कामगार विम्याची वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. बंगळुरू, हैदराबाद किंवा गुरुग्राममध्ये राहून हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांना हा गिरणी कामगारांचा जुना प्रश्न वाटत असेल. त्यांनी कृपया आपली वेतनचिठ्ठी काढून पाहावी. उद्या सकाळी ईमेल येऊन नोकरी गेली, तर विम्याचे दारही त्यांना बंद आहे आणि पुनर्कौशल्य निधीचेही असण्याचा संभव आहे. बंद गिरणीचा जॉबर आणि ते, दोघेही एकाच रांगेत आहेत. फरक एवढाच की त्यांना ही रांग अजून दिसलेली नाही.

'या लोकांकडे नव्या जगाची कौशल्ये नाहीत' हे विधान बैठकांतून इतक्या सहजपणे केले जाते की त्याचा मला आता राग येतो. यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या फिटरला अकुशल म्हणायचे, कारण त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही! त्याला शून्यापासून शिकवायचे नसते. त्याला जे येते त्याची नोंद, जे कमी पडते तेवढेच शिक्षण, आणि ज्याला असा माणूस हवा आहे त्याचा पत्ता, एवढे हवे असते. ते न करता पन्नाशीच्या माणसाला विशीतल्या मुलांच्या वर्गात मोबाईल दुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला बसवायचे आणि तो चौथ्या दिवशी आला नाही की 'लाभार्थी उदासीन' असा शेरा मारायचा, ही आपली पद्धत आहे.

केवळ टीका करून थांबणे प्रशासकाला शोभत नाही. म्हणून काही सूचना करतो.

१. बंदीची वा मोठ्या कपातीची सूचना मिळताच जिल्हाधिकाऱ्याने एक उपजिल्हाधिकारी नावानिशी कामगार पुनर्वसन अधिकारी म्हणून नेमावा. नव्या पदाची गरज नाही, जबाबदारीच्या आदेशाची आहे.

२. सूचनेच्या साठ वा नव्वद दिवसांतच, कारखान्याच्या आवारात आणि कामाच्या वेळेत, प्रत्येक कामगाराची नोंद व्हावी: वय, येणारी कामे, कर्ज, कुटुंब, स्थलांतराची तयारी. फाटक बंद झाल्यावर माणसे पांगतात, मग ती कोणालाच सापडत नाहीत.

३. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा व भरपाई यांचे सर्व अर्ज एकाच ठिकाणी, शेवटच्या पगाराच्या आधी भरून घ्यावेत.

४. प्रशिक्षण काळात निर्वाहभत्ता द्यावा आणि नवे काम मिळाल्यावर तो एकदम न तोडता काही महिने अंशतः चालू ठेवावा. १९८६ च्या योजनेची चूक पुन्हा करू नये.

५. प्रशिक्षण संस्थेला पैसे पटावरील संख्येवर न देता, सहा महिन्यांनंतर किती जण कामावर टिकले यावर द्यावेत.

हे स्वप्नरंजन नव्हे. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून मालक आणि कर्मचारी संघटना यांच्या करारातून उभी राहिलेली मंडळे, मालकांच्या वर्गणीतून, नोटीस मिळताच माणसाच्या मदतीला येतात. तो देश श्रीमंत आहे हे खरे. पण वरील पाचपैकी पहिल्या तीन सूचनांना जवळजवळ पैसाच लागत नाही. लागतो तो एका अधिकाऱ्याचा वेळ. निवडणुकीसाठी आपण काही आठवड्यांत जिल्ह्यातील प्रत्येक घरापर्यंत पोहोचतो. एका कारखान्यातील दोन हजार माणसांपर्यंत नव्वद दिवसांत पोहोचता येत नाही, असे म्हणणे हा आपल्याच यंत्रणेचा अपमान आहे.

आपण जेथे राहता, त्या शहरात एखादा कारखाना बंद होत असल्याची बातमी वाचाल, तेव्हा तेथील जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र जरूर लिहा. त्यात एवढेच विचारा की या कामगारांच्या पुनर्वसनाची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर सोपवली आहे, त्याचे नाव कळवावे. उत्तर बहुधा येणार नाही. पण असा प्रश्न दहा ठिकाणांहून आला, तर अकराव्या ठिकाणच्या बैठकीला सेवायोजन अधिकाऱ्याला आणि आयटीआयच्या प्राचार्यांना बोलावणे जाईल. आम्ही ते केले नव्हते. त्या जॉबरचे काय झाले, हे मला आजतागायत ठाऊक नाही, कारण ते ठाऊक करून घेणे हे कोणाचेच काम नव्हते.