भटक्या प्राण्यांचा निवारा आणि आपली वर्गणी

२०२५ साली भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गल्लीबोळांतून उठला आणि थेट सर्वोच्च न्यायालयाच्या दारी जाऊन बसला. ११ ऑगस्ट रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवावीत, पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असा आदेश दिला. देशभर गदारोळ उडाला आणि २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेले कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडावे. पिसाळलेल्या व आक्रमक कुत्र्यांना मात्र सोडू नये. खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमाव्यात, असे हा दुसरा आदेश सांगतो आणि प्रकरणाची व्याप्ती त्याने साऱ्या देशापर्यंत वाढवली. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्यास व त्याच आवारात परत न सोडण्यास सांगितले. संस्था सरकारी असो वा खाजगी, तिने आपल्या आवाराला कुंपण घालावे, असेही त्यात आहे.

म्हणजे ही दिल्लीची बातमी राहिलेली नाही. धर्मग्रामाची शाळा, तिचे मैदान आणि बंगलीचे कार्डिनल ग्रेशस रुग्णालय हे सारे या आदेशाच्या कक्षेत येतात. आदेश निघाला, पण निवारे कोठे आहेत? ते कोण बांधणार, कोण चालवणार आणि पैसा कोण देणार? या प्रश्नापाशी आल्यावर प्राणीमित्र मंडळी साहजिकच समाजाकडे वळतात. पावती पुस्तके निघतात, हौजीचे कार्यक्रम ठरतात, तरुण मंडळी रविवारच्या मिस्सानंतर डबा घेऊन दाराशी उभी राहतात. वसईकर अशा वेळी हात आखडता घेत नाहीत. म्हणूनच हा पैसा कोठे घालावा याचा विचार आधी झालेला बरा, असे आम्हाला वाटते.

प्रथम थोडा हिशेब करू. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख. निवाऱ्यातील एका कुत्र्याचे खाणे, औषध, सफाई व देखभाल यांवर दिवसाला अवघे पन्नास रुपये लागतात असे आपण धरू. प्रत्यक्षात खर्च याहून कमी होणे कठीण. शंभर कुत्र्यांना वर्षाला १८ लाख २५ हजार रुपये लागतील. हा खर्च एकदा करून संपत नाही, कुत्रा जगेल तितकी वर्षे तो चालू राहतो. आणि त्या शंभरांच्या मोकळ्या झालेल्या जागी, जोवर तेथे उकिरडा आहे तोवर, शेजारच्या आळीतील दुसरी कुत्री येऊन बसतात.

आता दुसरी बाजू पाहा. केंद्र शासनाच्या सुधारित योजनेत निर्बीजीकरण व लसीकरणासाठी दर कुत्र्यामागे ८०० रुपये आणि दर मांजरीमागे ६०० रुपये साहाय्य ठेवलेले आहे. खरा खर्च साहाय्यापेक्षा जास्त येतो, म्हणून आपण तो दुप्पट, १६०० रुपये धरू. शंभर कुत्र्यांना वर्षभर डांबून ठेवण्याच्या पैशांत अकराशेहून अधिक कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण होते. पहिल्या मार्गाने शंभर जनावरांची सोय होते. दुसऱ्या मार्गाने अख्ख्या गावांची पुढची पैदास थांबते आणि रस्त्यावरून शाळेत जाणारे मूल निर्धास्त होते.

याचा अर्थ निवारा नकोच, असे नव्हे. अपघातात मोडलेला, खरजेने सडलेला, आंधळा, चावरा अशा जनावराला जागा हवीच, आणि नोव्हेंबरच्या आदेशानंतर शाळा-रुग्णालयांतून हलवलेल्या कुत्र्यांनाही ती हवी. परंतु निवारा हे रुग्णालय असावे, कोठार असू नये. मोठी शेड, शंभर पिंजरे आणि दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांची फरशी हे चित्र डोळ्यांना सुखावते. पण दोन पावसाळ्यांनी तिथे काय उरते, याची कल्पना ज्यांनी एखादी संस्था चालवली आहे त्यांना सहज येईल.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. १८३२ च्या जून महिन्यात, कंपनी सरकारच्या काळात, भटकी कुत्री मारण्याचा ठरावीक हंगाम वाढवण्यात आला आणि दर कुत्र्यामागे इनाम असल्याने मारेकरी घरांच्या ओट्यांपर्यंत पोहोचले. पारशी समाज, ज्याच्या धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे, रस्त्यावर उतरला; बाजार बंद झाले; शेवटी लष्कर बोलवावे लागले. त्या दंगलीतून आलेला धडा दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरच्या पांजरपोळाच्या रूपाने उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पुढाकार घेतला व व्यापारी महाजनांनी आपल्या उलाढालीवर छोटासा लाग बसवून त्याचा खर्च चालवला. आम्हाला यातील लाग हा शब्द महत्त्वाचा वाटतो. दानशूर एकदा देतो आणि विसरतो. लाग मात्र दर गाठोड्यामागे, दर हुंडीमागे जमा होत राहतो. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था मुंबईत निघाली आणि पेटीट घराण्याच्या देणगीतून परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटीट रुग्णालय उभे राहिले. वसईतून एखादे जखमी जनावर घेऊन कोणी परळपर्यंत जातो तेव्हा तो दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या वर्गणीचाच लाभ घेत असतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. माणसांची दुःखे पडलेली असताना कुत्र्यांसाठी पैसा का? सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या सभासदांना विचारा. औषधावाचून राहिलेला वृद्ध, फी न भरता आलेले मूल, डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा रिक्षा करणारे कुटुंब त्यांच्या यादीत असते. कॅथलिक श्रद्धाग्रंथानेही या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे त्याच्या २४१८ व्या परिच्छेदात सांगितले आहे. आणि ज्या पैशाने आधी मानवी दुःखनिवारण व्हायला हवे तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अनुचित, असेही तेथेच म्हटले आहे. पहिले अर्धे सांगून दुसरे गाळणारे प्राणीमित्र आणि दुसरे सांगून पहिले गाळणारे टीकाकार, दोघेही आपल्या सोयीने वाचतात.

तरीही कुत्र्यांचा प्रश्न हा मुळात गरिबांचा प्रश्न आहे, हे आक्षेप घेणाऱ्यांच्या ध्यानी आणून द्यावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भारतातील असतात. त्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे आहे. २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. बंगल्यातल्या माणसाला मोटारीतून उतरून दारात जायचे असते. कुत्रा चावतो तो पहाटे फुलांचे भारे घेऊन स्टेशन गाठणाऱ्या बाईला, अर्नाळ्याच्या बंदरावर मासळी निवडणाऱ्याला, वीटभट्टीवरच्या मजुराच्या पोराला. चाव्यानंतर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि लसीची पूर्ण मात्रा घेणे एवढ्याने जीव वाचतो. पण लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ असतो. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. मजुरी बुडवून तीन-चार वेळा तिथे जाणे मात्र मोफत नसते. कुत्र्याला टोचलेली एक लस या साऱ्या फेऱ्या वाचवते. तेव्हा लसीकरणावर खर्चलेला पैसा माणसावरच खर्चलेला असतो.

हे कागदावरचे गणित नाही. गोव्याने ते करून दाखवले आहे. मिशन रेबीज या संस्थेने राज्य शासनासह तेथे गेल्या दशकात काम उभारले. पद्धत साधी होती. जाळी घेतलेली पथके गावोगाव फिरत, कुत्रा धरून लस टोचत, खूण करून तिथेच सोडत. किती झाले, कोठे राहिले याची नोंद मोबाईल फोनवर होई. दर शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे शास्त्रीय सूत्र धरून दरवर्षी सारे राज्य पालथे घातले गेले. जोडीला शाळांतून धडे दिले जात: कुत्रा अंगावर आला तर पळू नये, खाताना त्याला डिवचू नये, चावला तर घरी लपवू नये. संशयित पिसाळलेल्या कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनी होता. २०२२ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. त्याआधीच्या तीन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नव्हता.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती आणि वसई-विरार महापालिका क्षेत्राची १२ लाख २२ हजार. म्हणजे गोव्याच्या राज्यभराएवढी माणसे आपण एका तालुक्यात कोंबून राहतो. पथकाला जावे लागणारे अंतर आपल्याकडे कितीतरी कमी. फरक आहे तो पाठबळाचा आणि चिकाटीचा. पशुजनन नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचे आहे, आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फतच ते करता येते. महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली. तिच्याकडे घरपट्टी भरणाऱ्याने वर्गणीचा डबा फिरवावा की आधी अर्थसंकल्पातील तरतुदीचा हिशेब मागावा? आमच्या मते दोन्ही करावे, पण दुसरे आधी. समाजाचा पैसा महापालिकेचे कर्तव्य झाकण्यासाठी वापरला गेला तर तो दोनदा वाया जातो.

आणखी एक गोष्ट, जिला पैसा मुळीच लागत नाही. कुत्र्यांची संख्या उकिरड्यावर ठरते. कोंबडीच्या दुकानामागची पिसे-आतडी, बाजारातील मासळीची घाण, नव्या वसाहतींच्या कोपऱ्यावरचा ओसंडणारा कचरा यांवर ती पोसली जातात. आणि आपले मांडव? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या कडेला पडलेले खरकटे पाहिले तर तालुक्यातील सर्वात मोठा कुत्र्यांना खाऊ घालणारा वर्ग कोणता, हे वेगळे सांगावे लागत नाही. (२०२४ मध्ये वसई किल्ल्यात बिबट्या कित्येक दिवस मुक्कामाला होता. तुंगारेश्वराच्या जंगलालगतच्या वस्त्यांना जे ठाऊक आहे ते किल्ल्यालाही कळले: जेथे कुत्री माजतात तेथे बिबट्याही माग काढीत येतो.)

स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांविषयी थोडे. उत्साहाच्या भरात कुत्री पकडून दुसऱ्या गावी सोडणे हे काम नव्हे, तो नियमभंग आहे. शिवाय भुईगावचा उपद्रव निर्मळला गेला एवढेच त्यातून साधते. पकडणे प्रशिक्षित माणसांवर सोडावे. जनावरांना हात लावणाऱ्याने स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधी टोचून घ्यावी. निवारा चालवणाऱ्यांनी ती दिल्याशिवाय कोणाला आत घेऊ नये. आळीआळीतील कुत्र्यांची मोजदाद करणे, कान कातरलेली किती व न कातरलेली किती याची वही ठेवणे, शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत जखमेवर नजर ठेवणे, खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या मैदानापासून व जिन्यापासून दूर ठरवून देणे ही कामे कोणीही करू शकतो. ती कंटाळवाणी आहेत, छायाचित्रात शोभत नाहीत, आणि त्यांच्यावाचून सत्तर टक्क्यांचा आकडा कधीच गाठला जात नाही. डहाणूत वनखात्याच्या जोडीने चालणाऱ्या समुद्री कासवांच्या उपचार केंद्राचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेले जखमी कासव तेथे पोहोचते, कारण किनाऱ्यावर कोणीतरी पाहणारा, कळवणारा आणि गाडी काढणारा असतो.

पैशाच्या बाबतीत वसईच्या कॅथलिक समाजाला शिकवण्याची गरज नसावी. १९१८ मध्ये मोन्सिनियर मोनीस यांच्या पुढाकाराने पापडीला कॅथलिक पतसंस्था निघाली आणि तिची आज बँक झाली, ती पै-पैच्या हिशेबावर. तोच कडकपणा येथे हवा. नोंदणीकृत न्यासाखेरीज इतरांनी देणगी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडे कायद्याप्रमाणे कळवावे लागते. मित्रमंडळाच्या नावाने कोणाच्या खाजगी खात्यावर पैसे मागवणे योग्य नव्हे. परदेशातील आप्तांकडून मदत येते तेव्हाही भान ठेवावे. कुवेत-दुबईत भारतीय पासपोर्टवर काम करणाऱ्याची देणगी परकीय ठरत नाही. परंतु कॅनडा वा ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेल्या भावाची देणगी परकीय निधी ठरते, आणि परकीय देणगीविषयक नोंदणी किंवा परवानगी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. देणाऱ्याने पावतीबरोबर तीन आकडे मागावेत: गेल्या वर्षी किती जनावरांचे निर्बीजीकरण झाले, निवाऱ्यात आलेली किती मेली, आणि बरी होऊन किती परत गेली. मेलेल्यांचा आकडा जी संस्था न संकोचता सांगते तिच्यावर आम्ही अधिक विश्वास ठेवू.

वेळेचाही विचार व्हावा. आपल्याकडे कुत्र्यांचा माजाचा काळ मुख्यतः पावसाळा व त्यानंतरचे महिने, आणि पिल्ले दिसू लागतात ती हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास; तेव्हा मने द्रवतात आणि वर्गणीही त्याच सुमारास मागितली जाते. पैसा मे महिन्यापूर्वी हाती आला तर जून ते सप्टेंबर या काळात माद्यांची शस्त्रक्रिया उरकता येते. वर्गणीचे पावती पुस्तक काढायचे असेल तर ते उपवासकाळात काढावे.